नीरेला जमतं, ते ज्वारीला का जमत नाही?

घरगुती बिअरपासून सिक्कीमच्या तोंग्बापर्यंत: धान्याचं पेय फसफसतं कसं?

नीरा विकणारा कायम घाईत असतो. पहाटे शिंदीवरून किंवा ताडावरून उतरवलेला रस त्याला ऊन चढायच्या आत खपवायचा असतो. दुपारपर्यंत तो रस फसफसायला लागतो आणि संध्याकाळी त्याची चांगली ताडी झालेली असते. यासाठी त्यात कुणी काही घालावं लागत नाही. उलट रस नीराच राहावा म्हणून मडक्याला आतून चुना लावावा लागतो, रस थंड ठेवावा लागतो. गोव्यात माडाची सूर अशीच फसफसते आणि तिच्यावर सान्नांचं पीठ फुगतं.

आता ज्वारीचं बघा. पोतं वर्षभर कोठीत पडून असतं, त्याला काही होत नाही. पीठ पाण्यात कालवून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ते आंबतं. त्याची आंबील झकास होते, पण ती पिऊन कुणाला चढल्याचं ऐकिवात नाही. आणखी दोन दिवस ठेवलं तर त्याला वास सुटतो आणि ते फेकून द्यावं लागतं.

हिशेबाने व्हायला हवं ते उलटंच. नीरेत साखर असते जेमतेम १० ते १५ टक्के. ज्वारीच्या दाण्यात मात्र वजनाच्या ६० ते ७० टक्के स्टार्च असतो आणि स्टार्च हा साखरेपासूनच बनलेला असतो. कच्चा माल दाण्यात कितीतरी जास्त असूनही दारू होते ती नीरेची. तरीही जगात सगळ्यात जास्त प्यायलं जाणारं मद्य म्हणजे बिअर, आणि ती होते धान्यापासून!

घरी बिअर करणारा माणूस दिवसभर पातेली, थर्मामीटर आणि नळ्या घेऊन जो खटाटोप करतो, त्यातला निम्मा या एका अडचणीसाठी असतो. ती समजली की बाकीच्या पायऱ्या आपोआप उलगडत जातात.

यीस्ट खातं तरी काय?

फसफसण्याचं काम करतं यीस्ट. ही एकपेशीय बुरशी आहे. तिची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. फळांच्या सालींवर, झाडांच्या खोडांवर, कीटकांच्या अंगावर, ताडी काढायच्या जुन्या मडक्यांत ती असतेच. म्हणून नीरेला वेगळं विरजण लागत नाही.

यीस्टच्या पेशीला तोंड नसतं. अन्न तिच्या आवरणातून आत शिरावं लागतं आणि तिथे फक्त लहान रेणूंना वाट मिळते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सहज आत जातात. नीरेतली आणि उसाच्या रसातली साखर यीस्ट पेशीबाहेरच फोडतं आणि मग आत घेतं. स्टार्चचं तसं होत नाही.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. एकेका माळेत शेकडो, हजारो मणी ओवलेले असतात आणि बऱ्याच माळांना फांद्याही फुटलेल्या असतात. यीस्टला सुटा मणी चालतो, दोन मण्यांचा तुकडा चालतो, तीन मण्यांचाही बहुधा चालतो. अख्खी माळ त्याच्या काहीच कामाची नाही. धान्याच्या ढिगावर बसूनही यीस्ट उपाशी राहतं ते यामुळे.

पाण्यात कालवलेल्या पिठात थोडीशी सुटी साखर असते. ती लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू झटपट उचलतात आणि आंबील आंबट होते. पावाची कणीक यीस्टने फुगते हे खरं, पण तिथे गरज असते थोड्याशा वायूची. तेवढ्यापुरती साखर पिठात निघते किंवा बेकरीवाला वरून घालतो. लिटरभर पाण्यात चाळीस ग्रॅम अल्कोहोल तयार करायचं असेल तर एवढ्याने भागत नाही. त्यासाठी माळा तोडाव्या लागतात आणि माळा तोडायला कात्री लागते.

कात्री दाण्यातच असते

निसर्गात ही कात्री आहे आणि ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. दाण्याने स्टार्च साठवलेला असतो तो आपल्या कोंबासाठी. जमिनीत पडलेल्या दाण्याला पानं फुटेपर्यंत सूर्यप्रकाशातून अन्न करता येत नाही, तोवर शिदोरीवर भागवावं लागतं. पण कोंबालाही अख्ख्या माळा पचत नाहीत. म्हणून दाणा भिजून जागा झाला की आतला गर्भ एक रासायनिक निरोप धाडतो. तो पोहोचला की दाण्याच्या सालीखालचा थर विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करू लागतो. माळा तोडणाऱ्या या विकरांना अमायलेज म्हणतात.

त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्फा-अमायलेज माळेला मधेच, वाटेल तिथे कापतं. बीटा-अमायलेज टोकाकडून सुरुवात करतं आणि दर वेळी दोन मण्यांचा तुकडा काढतं. या दोन मण्यांच्या साखरेला माल्टोज म्हणतात आणि बिअरच्या यीस्टचं मुख्य अन्न तेच. फांद्या फुटतात त्या जागी मात्र दोन्ही कात्र्या अडतात. तिथले तुकडे न तुटता तसेच उरतात आणि बिअरला तोंडात जो थोडा भरीवपणा जाणवतो, तो बराचसा त्यांच्यामुळे.

बिअरवाला दाण्याची हीच तयारी वापरून घेतो. बार्ली दोनेक दिवस भिजवायची, अधूनमधून पाणी काढून दाण्याला हवा लागू द्यायची. मग चार-पाच दिवस थंड जागेत पसरून मोड येऊ द्यायचे. विकरं भरपूर तयार झाली, पण कोंबाने स्टार्चवर फारसा ताव मारलेला नाही, अशा वेळी दाणे गरम हवेत वाळवून कोंबाची वाढ थांबवायची. या वाळलेल्या मोडाच्या धान्याला मॉल्ट म्हणतात. फिकट मॉल्ट साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वाळवतात. विकरं हळूहळू कोरडी केली तर एवढं तापमान सोसतात. स्टाउटसारख्या काळ्या बिअरसाठी दाणे कॉफीसारखे काळपट होईपर्यंत भाजतात. त्यात विकर उरत नाही, म्हणून असं मॉल्ट रंगाला आणि चवीला थोडंसंच घालतात.

आपल्याकडे हे काम घराघरांत होत आलं आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची. बाळासाठी केलेलं हे मोडाचं पीठ म्हणजे नाचणीचं मॉल्टच आहे.

त्यातली कात्री बघायची असेल तर एक प्रयोग करा. दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ कपभर पाण्यात शिजवून घट्ट पेज करा. ती ६५ अंशांपर्यंत निवू द्या. त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरा. पेजेचा एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं की काळपट निळा रंग येतो. ही स्टार्चची खूण. आता पेजेत मोडाच्या, न भाजलेल्या नाचणीचं पीठ चमचाभर घालून ढवळा. थोड्याच वेळात चमच्याला चिकटणारी पेज सैल पडते आणि धार धरून सांडू लागते. पातेलं फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा आणि चव घ्या. साखर न घालताही गोडसर लागेल. बशीतल्या नव्या थेंबावर आयोडीनचा रंगही पूर्वीइतका गडद उमटणार नाही. आयोडीनचे थेंब मात्र टाकून द्या, ते पोटात जाता कामा नयेत.

बाळांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनी मोडाच्या पिठाचा हाच गुण हेरला होता. घट्ट पेज पोषक असते, पण बाळाला गिळवत नाही. पाणी घालून पातळ केली तर पोट भरतं आणि अन्न कमी जातं. चमचाभर मोडाचं पीठ घातलं की पाणी न वाढवता पेज पातळ होते.

मग ज्वारीची बिअर का नाही?

मोड ज्वारीलाही येतात. तरी बिअरवाल्यांची पहिली पसंती बार्लीला, आणि त्याला कारणं आहेत. बार्लीच्या मॉल्टमध्ये दोन्ही कात्र्या भरपूर असतात. तिचं टरफल दाण्याला चिकटून राहतं आणि रस गाळताना त्याचाच गाळणीसारखा थर बसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बार्लीचा स्टार्च ६० ते ६५ अंशांना फुगून सैल होतो. विकरं जोरात काम करतात तीही याच तापमानाला. ज्वारीच्या स्टार्चला सैल व्हायला जास्त उष्णता लागते आणि तिथे पोहोचेपर्यंत बीटा-अमायलेज निकामी होऊ लागतं. माळा कापायच्या अवस्थेत येतात तेव्हा एक कात्री बोथट झालेली असते.

तरीही आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यानपिढ्या होते. दक्षिण आफ्रिकेत मका आणि मोडाची ज्वारी वापरून उमकोंबोथी करतात. ती गढूळ, दाट आणि आंबटसर असते आणि ताजीच पितात. १९८८ मध्ये नायजेरियाने बार्लीच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावं लागलं. कमी पडणारी विकरं बाहेरून घालून त्यांनी काम भागवलं. म्हणजे ज्वारीला जमत नाही असं नाही, तिला मदत लागते.

बुरशी आणि लाळ

मोड आणणं हा एकच मार्ग नाही. माळ तोडणारी विकरं इतर सजीवांकडेही आहेत आणि वेगवेगळ्या समाजांनी आपापला मदतनीस शोधून काढला.

झारखंड आणि ओडिशातले संथाळ, मुंडा, हो हे समाज भातापासून हंडिया करतात. त्यात रानू नावाच्या पांढुरक्या गोळ्या कुस्करून घालतात. तांदळाचं पीठ आणि वनस्पतींची मुळं-पानं यांपासून केलेल्या या गोळ्यांत बुरशी असते आणि यीस्टही. बुरशी भातातल्या माळा तोडते आणि सुटलेली साखर यीस्ट त्याच मडक्यात खातं.

सिक्कीममध्ये अशाच गोळीला मर्चा म्हणतात. तिथे ती शिजवलेल्या नाचणीत मिसळतात. कोकणात जिची भाकरी होते तीच ही नाचणी. नेपाळी भाषेत तिला कोदो म्हणतात. आंबलेली नाचणी लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरायची, वर गरम पाणी ओतायचं आणि तळाशी बारीक छिद्रं असलेल्या बांबूच्या नळीने ओढायचं. हा तोंग्बा. पाणी संपलं की पुन्हा ओततात. दाणे नळीत येत नाहीत, अर्क तेवढा येतो.

जपानमध्ये साकेसाठी कोजी नावाची बुरशी वाफवलेल्या तांदळावर वाढवतात. साकेच्या पिंपात माळ तुटणं आणि साखर खाल्ली जाणं एकाच वेळी चालतं, त्यामुळे साखरेचा साठा होऊन यीस्ट गुदमरत नाही. साके १८ ते २० टक्के अल्कोहोलपर्यंत जाते ती यामुळे. बहुतेक बिअर ५ टक्क्यांच्या आसपास थांबतात. मात्र दिसेल ती बुरशी या कामाला चालत नाही. कोजीची जवळची रानटी भावंडं भुईमुगावर आणि मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. बुरशी आलेलं धान्य घरी आंबवून बघण्याच्या फंदात पडू नका.

तिसरा मार्ग ऐकून काहींचं तोंड वाकडं होईल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या प्रदेशात चिचा नावाचं मक्याचं पेय करतात. त्यासाठी काही ठिकाणी मोडाचा मका वापरतात, तर काही ठिकाणी मक्याचं पीठ तोंडात घोळवून, लाळ लावून बाहेर काढण्याची जुनी रीत आहे. माणसाच्या लाळेतही अमायलेज असतं. कोरडी चपाती बराच वेळ चावत राहिलं की गोडसर लागते ती त्यामुळेच. चिचा नंतर उकळतात, त्यामुळे तोंडातले जंतू मरतात.

पातेल्यातला एक दिवस

आता जिथे कायद्याने मुभा आहे अशा ठिकाणी, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या स्वयंपाकघरात, वीस लिटर बिअर कशी होते ते पाहू. साधारण साडेचार किलो फिकट मॉल्ट घेतात. ते जाडसर भरडतात. पीठ केलं तर रस गाळताना लगदा होतो आणि टरफलाचा थर बसत नाही.

भरड गरम पाण्यात कालवून तासभर ठेवतात. या पायरीला मॅश म्हणतात आणि बिअर करणाऱ्याच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते इथे. तापमान ६३ अंशांच्या आसपास ठेवलं तर दोन मण्यांचे तुकडे भरपूर निघतात. यीस्ट जवळजवळ सगळं खातं आणि बिअर हलकी, कोरडी होते. ६८-६९ अंशांना ठेवलं तर मधेच कापणारी कात्री पुढे राहते, यीस्टला न खाता येणारे मोठे तुकडे जास्त उरतात आणि बिअर भरीव होते. फरक पाच-सहा अंशांचाच, पण तोच चवीत उतरतो. ७८ अंशांच्या पुढे दोन्ही कात्र्या थांबतात. तासाभराने आयोडीनची चाचणी करतात. निळा रंग आला नाही म्हणजे माळा संपल्या.

टरफलाच्या थरातून गाळून जो गोड, चिकट, तपकिरी रस मिळतो त्याला वर्ट म्हणतात. तो तासभर खळखळून उकळतात. यात जंतू मरतात, विकरं कायमची बंद पडतात आणि एक नवा पदार्थ आत येतो: हॉप्स. ही वेलीवर येणारी हिरवी, पापुद्र्यांची बोंडं. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात त्यांची लागवड होते. त्यांच्या राळेतली आम्लं उकळल्यावर रूप बदलतात आणि कडवट होतात. तो कडवटपणा मॉल्टच्या गोडीला तोलून धरतो. शिवाय आंबील आंबट करणाऱ्या जातीच्या जिवाणूंना हॉप्स वाढू देत नाहीत. सुगंधी तेलं मात्र उकळीत उडून जातात, म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटच्या काही मिनिटांत टाकतात.

उकळलेला वर्ट शक्य तितक्या लवकर थंड करायचा असतो. कोमट, गोड आणि निर्जंतुक द्रव म्हणजे पहिल्या येणाऱ्या जिवाणूला आयतंच ताट. म्हणून तांब्याच्या वेटोळ्या नळीतून गार पाणी खेळवून वर्ट अर्ध्या तासात निववतात. यापुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे पिंप, नळी, चमचा आणि झाकण, निर्जंतुक केलेली असावी लागते. जाणते लोक म्हणतात की घरी बिअर करणं म्हणजे बहुतेक वेळ भांडी घासणं.

यीस्टची पाळी

निवलेल्या वर्टवर कोरड्या यीस्टची छोटी पुडी, जेमतेम अकरा ग्रॅमची, शिंपडतात. झाकणाला पाणी भरलेली वाकडी नळी असते. आतला वायू तिच्यातून बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

पहिले बारा ते चोवीस तास काहीच दिसत नाही. या वेळात यीस्ट आपली संख्या वाढवत असतं. मग नळीत एखादा बुडबुडा येतो आणि बघता बघता ठोके पडावेत तसे बुडबुडे सुरू होतात. वर्टवर पिवळसर, तपकिरी डागांचा फेस चढतो आणि पिंपाच्या कडेला हॉप्सच्या राळेचं चिकट कडं बसतं. तीन-चार दिवसांनी जोर ओसरतो, फेस खाली बसतो, यीस्ट तळाला साचतं आणि द्रव निवळू लागतो.

आत घडतं ते असं: ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. वजनात सांगायचं तर १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. पाच टक्क्यांच्या एक लिटर बिअरमागे सुमारे वीस लिटर वायू सुटतो. वीस लिटरच्या पिंपातून आठवडाभरात चारशे लिटर! म्हणून पिंपाला घट्ट बूच कधीच लावत नाहीत.

यीस्टला यात काय मिळतं? ऊर्जा मिळते, पण फार थोडी. त्यापेक्षा मोठा फायदा म्हणजे साखर भराभर उचलून यीस्ट भोवती अल्कोहोलचं विष पसरवतं, ज्यात त्याचे प्रतिस्पर्धी तग धरत नाहीत. स्वतः यीस्ट ते बरंच सोसतं. बिअरमध्ये तर ते मरायच्या आधी साखरच संपते.

साखर संपली की नाही हे ओळखायला हायड्रोमीटर वापरतात. दूध डेअरीतला लॅक्टोमीटर याच कुळातला. साखर विरघळलेला द्रव पाण्यापेक्षा जड, म्हणून त्यात तरंगणारी काचेची नळी वर उचलली जाते. सुरुवातीला घनता १.०५० आणि शेवटी १.०१० भरली तर फरकाला साधारण १३१ ने गुणायचं. इथे अल्कोहोल सव्वापाच टक्के येतं.

तापमानाकडे यीस्टचं बारीक लक्ष असतं. एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांना रमतं, लागरचं ८ ते १३ अंशांना. पुण्या-नागपुरातल्या मे महिन्यात एलचं यीस्ट उघड्यावर ठेवलं तर ते बेफाम सुटतं. पिकलेल्या केळ्याचा आणि सॉल्व्हंटचा वास येणारी द्रव्यं तयार होतात आणि चव बिघडते. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांनाही स्वच्छ काम करतं.

गंमत म्हणजे माणूस हजारो वर्षं बिअर करत होता, पण ती करतं कोण हे त्याला माहीत नव्हतं. १५१६ च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध शुद्धता कायद्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी आहे, यीस्टचा उल्लेखच नाही. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने दाखवून दिलं की फसफसणं हे सजीवांचं काम आहे आणि १८७६ मध्ये बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवलं. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट भरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर फसफसते हे सिद्ध केलं. त्याला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काम करतात ती पेशीतली विकरंच, हे तेव्हा पक्कं झालं. आधी दाण्यातल्या विकरांनी माळा तोडायच्या, मग यीस्टमधल्या विकरांनी साखर फोडायची: बिअर म्हणजे या दोन तुकड्यांनी पाठोपाठ केलेलं काम.

बिघडतं कुठे?

घरगुती बिअर बिघडते ती ठरावीक ठिकाणी. आंबट झाली तर बहुधा भांडी नीट निर्जंतुक नव्हती. व्हिनेगरचा वास आला तर हवा लागली, कारण अल्कोहोलपासून व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. ताडी शिळी झाली की अशीच झोंबते. लोण्यासारखा वास आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं. यीस्ट आधी डायअसेटिल नावाचं द्रव्य सोडतं आणि शेवटी तेच परत शोषून घेतं. घाईने बाटल्या भरल्या की हे शोषणं राहून जातं. उन्हात ठेवलेल्या बिअरला घाण वास येतो, कारण हॉप्समधली द्रव्यं प्रकाशाने मोडतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते.

खरा धोका असतो बाटली भरताना. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून लिटरमागे साधारण सहा ग्रॅम साखर घालून बूच लावतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि वायू आतच विरघळतो. पण पिंपातली साखर संपायच्या आतच बाटल्या भरल्या तर दाब दुपटी-तिपटीने वाढतो आणि काच फुटते. उडालेल्या तुकड्यांनी डोळे गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस तोच आल्याशिवाय जाणकार बाटलीला हात लावत नाहीत. घरी आल्याचा सोडा किंवा फळांचं फसफसतं सरबत करून काचेच्या बाटलीत कोंडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

विषारी दारूचं काय?

महाराष्ट्रात घरची दारू म्हटलं की आधी आठवतात विषबाधेच्या बातम्या. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. ही भीती रास्त आहे, पण तिचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे.

अशा घटनांत मारतं ते मिथेनॉल. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतं आणि पेशींचं श्वसन बंद पाडतं. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून, तेही अत्यल्प. धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. मोठ्या विषबाधा होतात त्या कारखान्यांसाठी बनवलेलं मिथेनॉल स्वस्तात दारूत मिसळल्यामुळे. आंबवणं वेगळं आणि भट्टी लावून दारू गाळणं वेगळं. गाळण्यात आगीचा, स्फोटाचा आणि घातक भेसळीचा धोका आहे आणि परवान्याशिवाय ते केल्यास गुन्हा होतो. आंबवलेल्या बिअरमधलं साधं अल्कोहोलही यकृताला आणि मेंदूला निरुपद्रवी नाही, हेही सांगायलाच हवं.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने स्वतःच्या वापरासाठी घरगुती बिअरला करमाफी मिळाली: एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट. तरी राज्यांचे कायदे वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. अमेरिकेतल्या लहान बिअर कारखान्यांची लाट याच हौशी मंडळींतून उभी राहिली. १९८० मध्ये पहिली बिअर काढणाऱ्या सिएरा नेवाडाचे केन ग्रॉसमन आधी घरीच बिअर करत होते.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरी, स्वतःसाठी आणि पाच लिटरच का असेना. काही राज्यांत आदिवासी समाजांना पारंपरिक पेयं स्वतःपुरती करण्याची सवलत आहे. महाराष्ट्रात हौशी माणसाला तशी पळवाट नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने तिथला नियम वाचून पिंप आणावं. इथे ज्याला ही प्रक्रिया डोळ्यांनी पाहायची आहे, त्याने परवानाधारक मायक्रोब्रुअरीत जावं. काचेआडच्या मोठ्या टाक्यांत मॅश आणि आंबवणं शेजारी शेजारी चालू असतं आणि विचारलं तर ब्रुअर सहसा खुशीने सांगतो. माळा तुटताना बघायच्या असतील, तर त्यासाठी नाचणीचं पीठ आणि आयोडीनची बाटली पुरते. त्याला कुठल्याच परवान्याची गरज नाही.

चौकट: साखर कोण सोडवतं?

• नीरा, सूर, द्राक्षरस, मोहाची फुलं: साखर सुटीच असते. कात्री लागत नाही, यीस्ट लगेच कामाला लागतं.

• बार्लीची बिअर: मोड आलेल्या दाण्यातली विकरं. आधी मॅशमध्ये माळा तुटतात, मग पिंपात यीस्ट साखर खातं.

• आफ्रिकेतली ज्वारीची बिअर: मोड आलेली ज्वारी, कारखान्यात बाहेरून विकरांची जोड.

• हंडिया आणि तोंग्बा: रानू किंवा मर्चातली बुरशी. तुटणं आणि खाणं एकाच भांड्यात.

• साके: कोजी बुरशी. दोन्ही कामं एकाच वेळी, म्हणून अल्कोहोल जास्त.

• चिचा: मोडाचा मका किंवा माणसाची लाळ.

• आंबील: पुरेशा माळा कुणी तोडतच नाही. थोडी सुटी साखर जिवाणू उचलतात, म्हणून आंबट होते, चढत नाही.